कार्डावरचं नाव

"वाच. काय नाव लिहिलंय यावर? मोठ्यानं वाच."

बँकेतल्या साहेबांनी कार्ड माझ्यासमोर टेबलावर टाकलं. मागे रांग होती. अक्षरं इंग्रजी. मी सुरगाण्याकडच्या पाड्यावरची, मराठी सातवीपर्यंत शिकलेली. इंग्रजी मला वाचता येत नव्हतं. मी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं.

"पुरुषाचं नाव आहे. तुझा नवरा का हा?"

रांगेत कुणीतरी हसलं. माझा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. ते मी सांगितलं नाही. सांगून काय करणार होते?

"जंगलातून उठून थेट एटीएमला येतात. अशा लोकांना कार्डं देतातच कशाला?"

मी नाशिकला एका खाजगी दवाखान्यात आया होते. लोकांची भांडी उचलायची, चादरी बदलायच्या, म्हाताऱ्यांना कुशीवर वळवायचं. पगार आधी हातात मिळायचा. मग एकदा मालकांनी सगळ्यांची खाती काढली आणि कार्डं दिली. कसं वापरायचं ते कुणी शिकवलं नाही.

त्या पगाराला पंचवटीतल्या एटीएममध्ये गेले. मशीन काहीबाही विचारत होतं. मागची माणसं चुकचुकत होती. तेवढ्यात इस्त्रीच्या शर्टातला एक मुलगा पुढे आला.

"मावशी, घाबरू नका. तुमच्या मुलासारखा आहे मी. द्या, दाखवतो."

'तुम्ही' म्हणाला. 'मावशी' म्हणाला. दवाखान्यात मला सगळे 'ए बाई' म्हणायचे. डॉक्टरांची शाळेत जाणारी लेकसुद्धा. इतक्या गोड आवाजात या शहरात माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. मी कार्ड दिलं. त्यानं नंबर विचारला, तोही सांगितला.

"मशीनमध्ये पैसे संपलेत, मावशी. उद्या या." त्यानं कार्ड परत दिलं. रंग तोच. मी त्याला आशीर्वाद दिला. खरंच दिला.

दुसऱ्या दिवशी मशीननं नंबर चुकीचा सांगितला. वाटलं, मलाच जमत नाही. कुणाला विचारायची लाज वाटली. दोन दिवस तशीच राहिले. मला दुसऱ्याचंच कार्ड देऊन त्यानं माझं ठेवून घेतलं होतं. त्या दोन दिवसांत त्यानं माझ्या खऱ्या कार्डानं खातं धुऊन नेलं. त्यात पगार होता, आणि आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी साठवलेलं सगळं होतं. आई जीपनं सुरगाण्याहून येऊन माझ्या खोलीवर थांबली होती.

म्हणून मी त्या टेबलापुढे उभी होते.

"तिकडे बाजूला हो," साहेब म्हणाले. मी भिंतीशी सरकले.

मग एक वयस्कर गृहस्थ आले. रिटायर झालेले प्रोफेसर. साहेब उठून उभे राहिले. "सर, बसा ना." पाणी आलं. चहा आला. सर हळू आवाजात बोलत होते, पण मी जवळच होते. त्यांना घरी फोन आला होता. बँकेतून बोलतोय, कार्ड बंद पडणार आहे, नंबर सांगा. सरांनी कार्डाचा सांगितला, गुप्त नंबरही सांगितला. त्यांचंही सगळं गेलं होतं.

साहेब म्हणाले, "सर, मनाला लावून घेऊ नका. ही माणसं इतकी हुशार असतात, भल्याभल्यांना फसवतात."

मी ते ऐकलं.

ते फसले तर चोर हुशार. मी फसले तर मी अडाणी.

सरांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. मी ओढली आणि बसले.

"ए, तुला कुणी बसायला—"

"मलाही तसल्याच हुशार माणसानं फसवलंय, साहेब. ह्यांची तक्रार लिहाल तशी माझी लिहा. सही-शिक्का मारून कागद द्या. आणि मला 'तुम्ही' म्हणा."

रांगेतलं कुणी हसलं नाही. साहेबांनी कागद ओढला. "तुमचं नाव?" दात आवळून विचारलं, पण 'तुम्ही' म्हणाले.

बाहेर पायरीवर सरांनी मला गाठलं. वाटलं, धीर देतील. ते म्हणाले, "बाई, माझं कुठे बोलू नका. घरी मुलाला ठाऊक नाही." डोळे खाली. एवढा शिकलेला माणूस. मला त्यांची फार कीव आली.

पैसे आले नाहीत. कार्ड तुम्हीच दिलंत, नंबर तुम्हीच सांगितलात, असं बँकेचं उत्तर आलं. पोलिसांनी कागद ठेवून घेतला. आईला जीपमध्ये बसवायला गेले तेव्हा ती म्हणाली, "जाऊ दे पोरी. दिसतंय तेवढं लय हाय मला." पुन्हा पैसे जमले तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता उशीर झाला. भात लावायला गावी गेले तर आई माझ्या तोंडावरून हात फिरवून विचारत होती, वाळलीस का गं?

त्या मुलाचं ते 'मावशी' मी अजून विसरले नाही. ते कानात वाजलं की रडू येतं.

पगाराच्या दिवशी मी दवाखान्यातल्या बायांना घेऊन एटीएमला जाते. आधी त्यांना त्यांचं नाव इंग्रजीत ओळखायला शिकवते, मी शिकले तसं. एकेक जण आत जाते. मी दाराबाहेर थांबते. परवा एक नवी पोर म्हणाली, "तूच काढून दे ना, मावशी."

"नाही," मी म्हटलं. "कार्ड मलाही द्यायचं नाही. नंबर मलाही सांगायचा नाही. फोनवर कुणी बँकेचा साहेब म्हणाला तरी नाही. कुणी गोड बोललं तर आधी कार्ड मुठीत धर. आणि तरी गेलंच, तर माझ्यासारखी दोन दिवस तोंड लपवून बसू नको. त्याच घटकेला बँकेत जा आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं सांग. कुणी हसलं तर अजून मोठ्यानं सांग. चोरी त्यानं केलीय. लाज आपण धरायची नाही."