गाडी माहेरीच जेवती

आमच्या मालकांना सगळं बावडा गाव अप्पा म्हणतं. मी काय म्हणती ते इचारू नका. मोटर बंद पडू दे, मिक्सर फिरंना, शेजाऱ्याचा टीव्ही मुका होऊ दे, ह्यांचा हात पयला आत. दुरुस्त झालं तर ह्यांच्यामुळं, बिघडलं तर दुसऱ्यामुळं. ह्या माणसापुढं मी कवाच हात टेकलं.

सून आमची वृषाली लोणी देवकरला कंपनीत जाती, माल तपासायला. सोयरीक जमवतानाच ह्यांनी अट घातली हुती, "नोकरी करा, पर फाट्यावर गाडीची वाट बघत उभं ऱ्हायाचं न्हाय." पोरगी गुमान हुं म्हणली. आन् पगारातनं साठवून लायटीवर चालणारी चारचाकी गाडी घिऊन दारात उभी केली! ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. तरी अटीला शेपूट जोडलंच, "गाडी बंद तर नोकरी बंद."

तीच गाडी मग ह्यांच्या हौसंची झाली. चाकाला चिखल लागू नये म्हणून अंगणात सिमेंटचा कोबा केला. माझा भांडी घासायचा दगड उचलून परसात टाकला. मी शिरा ताणून बोंबलले, पर ऐकतंय कोण!

उन्हाळा लागला आन् गाडी चार्जिंग घीना. प्लग लावला की लाल दिवा. सर्विसवाला फोनवरच म्हणला, "गाडीच्या आतला ऑनबोर्ड चार्जर गेला असंल. गाडी ठिवून जावा, पार्ट यायला महिना लागंल." महिनाभर गाडी न्हाय म्हंजे वृषालीची नोकरी गेलीच की!

मग ह्यांनी दुरुस्ती काढली. प्लग फुकला, पुसला, घासला. फ्रीजचा स्टॅबिलायझर काढून गाडीला जोडला. गाडी काय भरली न्हाय, आन् फ्रीज परत लावायचा इसरल्यामुळं दूध तेवढं नासलं. वर म्हणत्यात, "बायकांच्या हातात यंत्र दिलं की असंच हुतं." आग लागली माझ्या अंगाची.

वृषाली हायवेवरच्या मोठ्या चार्जरवर गाडी भरून कसंबसं दिवस ढकलत हुती. त्यात तिच्या भावाच्या पोरीचं बारसं आलं, माहेरी कोऱ्हाळे बुद्रुकला. तितं तिनं रातीला साध्या प्लगला गाडी लावली, आन् सकाळी गाडी फुल! गावाला तेवढंच पायजे हुतं. "अप्पा, तुमची गाडी माहेरीच जेवती म्हणं?"

झालं. हे पेटलं. "आमच्या लायटीत काय इख हाय का? सोमवारपास्नं नोकरी बास. गाडी इकून टाका."

वृषाली रडली न्हाय. हातातली वायर गुंडाळत नुसती उभी ऱ्हायली. मला जन्मात कुणी फाट्यापतुर एकटीला सोडलं न्हाय, आन् ही पोरगी रोज गाडी हाणत जाती, ते बघून मला किती बरं वाटायचं ते मी कुणाला बोलले नव्हते.

"मामा," ती म्हणली, "हायवेवरचा चार्जर सरळ बॅटरीत करंट घालतो. साध्या प्लगवर मात्र गाडीतल्या चार्जरलाच काम करावं लागतं. माहेरी भरली म्हंजे गाडीतला चार्जर धडधाकट हाय. बिघाड आपल्या घरात हाय."

ह्यांनी काय बोलायच्या आत मी दादासो वायरमनला बोलावलं. त्यानं प्लगला बल्ब लावून बघितला. एका तारंवर झक्क पेटला, अर्थिंगच्या तारंवर नुसता मिणमिणला.

"अर्थिंग मेलंय," दादासो म्हणला. "अर्थिंग न्हाय म्हणल्यावर ही गाडी करंट घीतच न्हाय, माणसाला शॉक बसू नये म्हणून. अप्पा, अर्थिंगचा खड्डा कुठाय?"

हे आभाळाकडं बघाय लागलं.

"हे त्याच्यावरच उभं हायती की!" मी म्हणलं. "माझा दगड हुता तितंच. माझं भांड्यांचं पाणी त्या खड्ड्यात मुरायचं. ह्यांनी वर कोबा घातला."

"तवाच! खालची माती ठणठणीत वाळली असणार. अर्थिंगला ओल लागती."

हे आत गेलं, पहार घिऊन आलं, आन् स्वतःच्या हातानं कोबा फोडला. दादासोनं मीठ-कोळसा घालून खड्डा भरला, मी घागरीमागं घागर वतली. मग वृषालीनं प्लग लावला. हिरवा दिवा!

"मी कवापास्नं म्हणतोय, अर्थिंग बघा म्हणून," हे म्हणलं.

काय करावं ह्या माणसाला!

सोमवारी सकाळी माझा दगड जाग्यावर हुता आन् मी भांडी घासत हुते. वृषाली डबा घिऊन उंबऱ्यात थांबली. "नोकरी बास" हा शब्द ह्यांनी अजून मागं घितला नव्हता. हे बादली घिऊन खड्ड्यात पाणी वतत हुतं, तिच्याकडं पाठ करून.

"उभी काय ऱ्हायलीस?" हे वराडलं. "कंपनी तुझ्यासाठी थांबणार हाय व्हय? निघ!"

ती गेली. वळणावर गाडी दिसंनाशी झाली, तवा हे माझ्याकडं वळलं.

"आन् तू, जरा जास्त पाण्यानं घास की भांडी."