पोचली का लेकरं?

गाडी जुंपली तेव्हा आई दारात आली नाही. आतूनच म्हणाली, "लिंग अंगावेगळं करणारी माझी लेक न्हाई." आम्हा लिंगायतांत इष्टलिंग मरेपर्यंत गळ्यातच असतं. मी पंधरा वर्षांची. माझं काढून जैनबच्या गळ्यात बांधलं होतं.

जैनब आठ वर्षांची, भाऊ चारचा. बांगड्या भरायला येणाऱ्या मनियारणीची ही पोरं. अठ्ठेचाळीसची पोलीस ॲक्शन झाली, निजामाचे रझाकार पळाले आणि त्यांच्यावरचा राग भलत्याच मुसलमानांवर निघू लागला. मनियारणीनं पोरं आमच्याकडं सोडली, नवऱ्याला शोधायला गेली, ती परतली नाही. शेजारीण एका सकाळी दोनदा विस्तव मागायला आली. विस्तव मागायची रीत होती. दोनदा मागायची नव्हती.

मी पोरांना घेऊन निघाले. निजामाच्या हद्दीपल्याड, बार्शीत माझी आत्या होती, पोरांचा मामूही.

लातूरच्या अलीकडं काठ्यावाल्यांनी गाडी अडवली. एकानं जैनबचं लिंग पाहिलं, भावाची विभूती पाहिली. "अन् तुझं कुठं हाय गं?" माझा गळाही कुणी बघेल, हे मला सुचलंच नव्हतं.

"भायेर हाय मी. शिवू नका. काढून ठिवलंय."

तो झटकन मागं सरला. लिंगायत बाई विटाळातही लिंग काढत नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. पण मागं एक विभूती लावलेला उभा होता. त्याला ठाऊक असणारच. तो माझ्याकडं बघत राहिला. "जाऊ द्या रे. पोरीसंगं काय हुज्जत घालायलाव?" त्याला चांगला म्हणायला अजून माझी जीभ रेटत नाही.

बार्शीत मामूनं पोरं ओढून घेतली आणि वळूनही न बघता गेला. त्याचाही माझ्यावर भरवसा नव्हता.

गावाहून अण्णांचं, माझ्या वडलांचं, पत्र आलं : "इतक्यात येऊ नको. गल्ली विचारायलीय." ते 'इतक्यात' बहात्तरच्या दुष्काळापर्यंत चाललं. विहिरी आटल्या तेव्हा आई बोचकं घेऊन बार्शीला आली. तांब्याभर पाणी प्यायली, पदरानं तोंड पुसलं.

"पोचली का गं लेकरं?"

"मामूच्या हाती दिली. पुढचं ठाऊक न्हाई."

"लई बारकं होतं गं ते पोरगं," म्हणाली आणि रडली.

आमचं गाव जागचं न हलता बिदर, उस्मानाबाद करत आता लातूर जिल्ह्यात आलंय. गावकऱ्यांनो, नव्या जिल्ह्याच्या समारंभात स्वातंत्र्यसैनिक म्हणून माझा सत्कार करायचं तुमचं पत्र मिळालं. सोबतच्या अर्जात रकाना आहे : कोणाविरुद्ध लढलात? खरी नावं लिहिली तर हार घालायला कोण उरेल? रकाना कोराच ठेवलाय. लेकरं पोचली का, हे मात्र अर्जात कुठंच विचारलेलं नाही. ते विचाराल त्या दिवशी येईन. तोवर माझं घर बार्शीत.