आजीचं नाव कुणाला गेलं

त्या मंगळवारी वडील वाडीत केळींना पाणी लावायला गेले. थोड्या वेळाने शेजारी आला आणि म्हणाला, ते पाटाजवळ पडलेत. आम्ही पोचलो तेव्हा ते गेले होते. दुसऱ्या दिवशी त्यांना माती दिली.

वडिलांना महिना झाला तेव्हा चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे त्यांच्यासाठीची प्रार्थना, होती. तिच्याआधी फादरांनी विचारलं, घरातल्या मृतांची नावं प्रार्थनेत घ्यायची आहेत का. आईने सासूचं नाव सांगितलं, सासऱ्याचं सांगितलं आणि ती माझ्याकडे बघू लागली. आजोबांच्या वडिलांचं नाव मला आठवेना. मुळात ते मी कधी ऐकलंच नव्हतं. वडिलांना ठाऊक असणार, पण ते असताना आमच्यापैकी कुणालाच विचारावंसं वाटलं नाही.

मी एका शाळेच्या ग्रंथालयात काम करत होते. शनिवारी शाळा लवकर सुटायची. घरी गेलं की ओट्यावरची वडिलांची खुर्ची समोर यायची, म्हणून मी दुपारी पॅरिशच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, कचेरीत जाऊन बसू लागले. बाप्तिस्म्याची, लग्नाची, मृत्यूची पुस्तकं तिथे होती. जुनी पानं पोर्तुगीजमधली. भाषा कळत नसली तरी नावं कळायची. पाऊस संपेपर्यंत आमचं घराणं मला बरंच मागपर्यंत लागलं. एका खापरपणजोबांची तीन लग्नं झालेली निघाली.

‘ताई, मेलेल्यांची हजेरी घ्यायला लागलीस तू,’ भाऊ म्हणाला. ‘पुस्तकं परत न केलेल्यांना आता तिकडे जाऊन पकडशील.’

वडिलांच्या काकांचा नातू कॅनडात असतो. नात्याने माझा चुलतभाऊ. तेव्हा त्याने इंटरनेटवर आमच्या कुळासाठी एक फुकटातलं पान काढलं होतं. दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. माणिकपूरला एका इमारतीत जिन्याखाली सायबर कॅफे होता, प्लायवुडच्या कप्प्यांचा. मी सापडलेली नावं तिथून त्याला पाठवायची आणि तो ती वंशावळीच्या झाडावर चढवायचा. सगळं इंग्रजी अक्षरांत, कारण मराठी अक्षरांचे त्याच्याकडे नुसते चौकोन उमटायचे. गेलेल्या प्रत्येक माणसाच्या नावाशेजारी त्याने एक मेणबत्तीचं चित्र लावलं होतं. तिची ज्योत हलायची. आखातातले, मालाडचे, कधी न पाहिलेले नातेवाईक ते पान उघडून खाली दोन ओळी लिहायचे. तीन लग्नांच्या खापरपणजोबांवर सर्वांत जास्त लिहिलं गेलं.

वडिलांच्या नावाशेजारी मेणबत्ती आली त्या दिवशी मी कॅफेत पैसे भरलेला उरलेला वेळ न वापरता घरी आले.

मग चुलतभावाचा एक मेल आला. त्याने लिहिलं होतं: ‘ताई, सगळं झाड लावून पाहिलं. प्रत्येक घरात रीत पाळलेली आहे. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, पहिल्या मुलीला बापाच्या आईचं. आजोळची नावं त्यानंतर. फक्त तुमच्या घरात जमत नाही. तुझ्या भावाला आजोबांचं नाव आहे, ते बरोबर. पण तू एकटीच मुलगी, आणि तुला आजोळच्या आजीचं नाव. मग इकडच्या आजीचं नाव कुणाला गेलं? तुझ्या आधी कुणी होतं का? की मी कुठे चुकलो?’

माझं बाप्तिस्म्याचं नाव शाळेच्या कागदांवर चालायचं. घरी मोठी माणसं मला बाय म्हणत. हे नाव मला का, हा प्रश्न मला पडला नव्हता. मी पुन्हा कचेरीत गेले आणि आई-वडिलांच्या लग्नापासून माझ्या जन्मापर्यंतची पानं नीट पाहिली. आमच्या घरचं कुणी तिथे नव्हतं.

आईला मी दुपारी विचारलं. ती वालाच्या शेंगा सोलत होती. तिचं माहेर मिठागराकडचं. लग्न होऊन सांडोरला, आमच्या गावात, आली तरी तिच्या तोंडात ण बसला नाही, आणि सासरचे त्यावरून तिला जन्मभर चिडवत आले.

‘आई, माझ्या आधी तुला कुणी झालं होतं का?’

तिने हातातली शेंग सोलून पूर्ण केली.

‘कोनी सांगितलं?’

मी मेलमध्ये काय होतं ते सांगितलं.

‘कॅनडात बसून त्याला कळलं,’ ती म्हणाली. ‘इथं गावात कोनी इचारलं नाय.’

मग तिने सांगितलं. पहिली मुलगी घरीच झाली, दिवस भरायच्या आधी. सुईणीने पाहिलं आणि मान हलवली. फादरांना बोलवायला वेळ नव्हता, तेव्हा आजीनेच माठातलं पाणी घेऊन मुलीच्या डोक्यावर घातलं, बाप्तिस्म्याचे शब्द म्हटले आणि रीतीप्रमाणे स्वतःचं नाव तिला दिलं. वडील नोकरीवर होते. ते संध्याकाळी आले तेव्हा मुलगी गेलेली होती. सकाळी मुलीची पेटी त्यांनीच उचलून दफनभूमीत नेली. पुस्तकात लिहून घ्यायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

‘तू झाली तवा मी म्हटलं, आजीचं नाव द्या. तर म्हातारी बोलली, माझं नाव देऊन झालं. आता तुझ्या आयचं दे.’

‘आणि बाबा?’

‘ते कधी बोललेच नाय. फादर घरोघर कुटुंबाची माहिती लिवायला यायचे, तवा इचारायचे, मुलं किती? हे सांगायचे, दोन. दर वक्ताला मी आतून ऐकायची.’ तिने टोपली बाजूला सरकवली. ‘मला तीन पोरं हायत, बाय. त्या तुमच्या पानावर किती लिवलीत?’

‘दोन.’

‘मग तीन कर.’

भावाला हे पटलं नाही. रात्री जेवायला बसल्यावर तो म्हणाला, ‘बाबांनी जे आयुष्यभर सांगितलं नाही, ते त्यांच्या मागे आपण जगाला सांगायचं? मालाडची ती आत्या खाली दोन ओळी लिहिणार, सो सॅड म्हणून. बाबांना चाललं असतं का?’

‘नसतं चाललं,’ आई म्हणाली.

‘मग?’

‘ते गेले. आता सांगनारी मीच हाय.’

वडिलांचं न बोलणं मला ओळखीचं होतं, माझाही स्वभाव तोच आहे. ते मोडायचं माझ्या मनात नव्हतं, आणि आईला नाही म्हणणंही जमणार नव्हतं. त्या आठवड्यात मी कॅफेकडे फिरकलेच नाही. आईने दोनदा विचारलं, केलं का? मी म्हटलं, वीज नव्हती. तसं वीज नसणं आमच्याकडे रोजचंच होतं. तिने मान्य केलं, किंवा तसं दाखवलं.

नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी आम्ही तिघं दफनभूमीत गेलो. वडिलांची माती अजून बसली नव्हती. भावाने तिच्यावर झेंडूची फुलं घातली, मेणबत्त्या लावल्या आणि पुड्यातली शेवटची मेणबत्ती घेऊन तो भिंतीकडे चालू लागला. तिथे लहान मुलांना पुरतात. तो अर्ध्या वाटेत थांबला आणि परत आला.

‘ताई, ही मी कुणाला लावतो?’

‘मला काय विचारतोस?’

‘बाबा दर वर्षी मला एक मेणबत्ती द्यायचे आणि सांगायचे, जा, तिकडे कोपऱ्यात लावून ये. मला वाटायचं, ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठी. मोठा झालो तरी लावत होतो. आत्तापण पाय तिकडेच गेले.’

आई वडिलांच्या कबरीजवळ उभी होती. तिला ऐकू गेलं होतं. तिने पदराने नाक पुसलं आणि भावाला म्हणाली, ‘कुठं लावायचास? दाखव मला.’

बाळंतीण म्हणून तेव्हा तिला दफनभूमीत येऊ दिलं नव्हतं. नंतर ती दर वर्षी आली, पण त्या कोपऱ्याकडे कुणी तिला नेलं नव्हतं आणि ती आपण होऊन गेली नव्हती. भावाने तिला भिंतीजवळची जागा दाखवली. तिथे क्रूस वगैरे काही नव्हता. एकाच जागेत पुन्हा पुन्हा पुरतात, त्यामुळे खाली कोण आहे हे कुणीच सांगू शकलं नसतं. मेणबत्ती तिने लावली. वाऱ्याने ती विझली. भावाने आपले तळवे आडवे धरले आणि तिने पुन्हा लावली.

रिक्षात बसल्यावर भाऊ म्हणाला, ‘तारीख काय टाकणार तू?’

आईला साल आठवत होतं, तारीख नाही. मी चुलतभावाला लिहिलं, जन्म आणि मृत्यू दोन्हीकडे फक्त साल घाल. नाव आजीचं. पुढच्या शनिवारी आईला घेऊन मी माणिकपूरला गेले. तिला प्लायवुडच्या कप्प्यात माझ्या खुर्चीवर बसवलं आणि मागे उभी राहिले. पान उतरायला नेहमीसारखा वेळ लागला. आधी वडील आले, मग आई, मग आम्ही. मी बोट ठेवून वाचून दाखवलं.

‘पयली ती?’

‘पहिली ती. मग मी. मग हा.’

‘आनि ही?’ तिने हलणाऱ्या ज्योतीवर बोट टेकवलं. ‘ही विझत नाय?’

‘नाही.’

‘बरं हाय.’ ती उठली. बाहेर आल्यावर म्हणाली, आलोच हाय तर कोथिंबीर घेऊन जाऊ.

मालाडच्या आत्याने खाली दोन ओळी लिहिल्या. भावाने त्या दोनदा वाचल्या.

काही वर्षांनी आई गेली. चुलतभावाचं पान ज्या कंपनीच्या जागेवर होतं, ती फुकटची सोय बंद झाली आणि पानही गेलं. चुलतभाऊ म्हणतो, त्याच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये असेल. भावाला मुलगी झाली, तिला रीतीप्रमाणे आमच्या आईचं नाव मिळालं. आजीचं नाव आता घरात कुणाचं नाही. पॅरिशमधून अजून माहिती लिहून घ्यायला येतात. तुम्ही भावंडं किती, असं विचारलं की आम्ही तीन सांगतो.