दोन भाऊ, एक बाकडं आणि विलायतेचा फुटबॉल

लूमच्या शेडमध्ये कापसाचं तूस उडत असतं. उडताना ते कोणाला दिसत नाही. पण दिवाळीला आढ्याला झाडू लावला की पोतंभर खाली येतं, आणि आपणच म्हणतो, "अरे, हे एवढं साचलं कधी?" शकूरभाईच्या हॉटेलातले किस्से असेच साचले आहेत. मी बोलायला सावकाश आणि लिहायला त्याहून सावकाश. तिसरीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. ज्याला घाई असेल त्याने आधी चहा पिऊन घ्यावा!

हॉटेल म्हणजे काय, तर बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात आमच्या पावरलूमच्या शेडला चिकटून असलेली पत्र्याची खोली. एक भट्टी, एक टीव्ही आणि टीव्हीसमोर एक लांब बाकडं. दिवसपाळी सुटली की आम्ही तिथे जाऊन बसायचो. शनिवार-रविवारी संध्याकाळी खेळांच्या चॅनलवर विलायतेचा फुटबॉल लागायचा. इतर चॅनलवरच्या मालिकांमध्ये बाया नुसत्या बोलत राहतात, आणि शेजारी लूम चालू असताना बोलणं कोणाला ऐकू येणार? फुटबॉलला ऐकावं लागत नाही. म्हणून आम्ही फुटबॉलवाले झालो. दुसरं काही कारण नाही!

बाकड्यावर डावीकडे भिका बसायचा, उजवीकडे त्याचा धाकटा भाऊ सुपडू, आणि मधे मी. मधे मी असण्याला कारण होतं. दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते.

घराची वाटणी झाली तेव्हा अंगणातला नळ हातभराने सुपडूच्या बाजूला गेला. बस, एवढंच. त्या दिवसापासून अबोला. गंमत म्हणजे दोघांच्या बायका त्याच नळावर तासतासभर बोलत बसायच्या, पोरं एकाच ताटात जेवायची, आणि हे दोघे गल्लीत समोरासमोर आले की एक जण आकाश बघायचा आणि दुसरा चपला!

साहजिकच भिकाची टीम लाल शर्टवाली, तर सुपडूची निळी. टीमची नावं आम्हाला वाचता येत नव्हती, आणि गरजही नव्हती.

*

सुरुवातीला शकूरभाईकडे ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. तेव्हा लाल-निळं काही कळायचं नाही. भिका म्हणायचा, "आपली टीम काळ्या शर्टवाली." पूर्ण साल त्याने काळ्या शर्टवाल्यांसाठी टाळ्या वाजवल्या. जवळजवळ दर आठवड्याला त्याचे काळे दिसायचे. कधी गोरे खेळाडू जास्त, कधी सावळे जास्त. भिका म्हणायचा, "मोठी टीम आहे, पाळ्या लावून खेळतात."

मग शकूरभाईने रंगीत टीव्ही आणला. पहिल्याच संध्याकाळी काळे शर्ट लाल निघाले. दुसऱ्या संध्याकाळी हिरवे. त्याच्या पुढच्या आठवड्यात जांभळे, मग तपकिरी!

शकूरभाई पोट धरून हसला. "भिकादादा, सालभर चार टीम पाल ली तुमने!"

भिकाने शांतपणे बशीतला चहा संपवला. म्हणाला, "मग काय बिघडलं? चारी घरचीच समजायची."

माझ्या मनात आलं, विलायतेच्या चार टीम घरच्या चालतात, आणि भाऊ चालत नाही.

*

निरोप पोचवण्याचं काम माझ्याकडे होतं.

"नाना, तुमच्या शेजाऱ्याला सांगा, त्याचा गोलकीपर गोलमध्ये उभा आहे की देवळात?" भिका म्हणायचा.

मी उजवीकडे वळायचो. घसा साफ करायचो. "सुपडू, भिका असं म्हणतो की, तुझा जो गोलकीपर आहे…"

इकडे तोवर निळ्यांनी गोल परत केलेला असायचा! निरोप शिळा झालेला. मग सुपडूचं उत्तर तयार: "नाना, त्याला सांगा, आता बघ म्हणावं!" मी डावीकडे वळायचो. तोवर लालांनी दुसरा टाकलेला.

एकदा सुपडू वैतागला. "नाना, निरोप द्या हो! पोथी वाचायला का बसता?"

मी म्हटलं, "बाबा, मग स्वतःच दे ना. हातभर तर अंतर आहे."

सुपडू चपला बघायला लागला. भिका आकाश बघायला लागला, पण वर पत्रा होता.

*

लूमवाल्याला नियम शिकवावे लागत नाहीत, हा शोध आम्हाला फार लवकर लागला.

शेडमध्ये आवाज इतका की आम्ही सगळे हातांनी बोलतो. दोन्ही हात एकमेकांभोवती फिरवले की "सुताची कांडी संपली, नवी घाल." हात सरळ वर केला की "तार तुटला, लूम थांबव." तार म्हणजे सुताचा धागा. पहिल्यांदा टीव्हीत कोटवाला मास्तर मैदानाकडे बघून हात फिरवायला लागला तेव्हा भिका आणि सुपडू एकाच वेळी ओरडले, "कांडी बदल!" आणि खरंच, दमलेला एक खेळाडू बाहेर आला आणि ताजा आत गेला.

बाजूच्या रेघेवर पळणारा माणूस झेंडा वर करायचा आणि खेळ थांबायचा. आमच्या भाषेत "तार तुटला." पुढे कोणीतरी सांगितलं, त्याला ऑफसाईड म्हणतात. असेल. आमच्या बाकड्यावर शेवटपर्यंत तारच तुटत राहिला.

*

ते दिवस लाईट जाण्याचे होते. लाईट असली की शेजारी लूम चालू, कान बंद. लाईट गेली की लूम बंद आणि टीव्हीही बंद. मग एकदम इतकी शांतता व्हायची की भट्टीतला कोळसा तडकलेला ऐकू यायचा.

कितीतरी मॅचचा शेवट आम्ही पाहिलाच नाही. त्यावरून दर वेळी भांडण. भिका सांगणार लाल जिंकले असतील, सुपडू सांगणार निळे, आणि मी मधे मान फिरवून बेजार. शेवटी शकूरभाईने कायदा केला: "लाईट जाते टाइम जो स्कोर, वोच पक्का!" दोघांनी कबूल केलं. अर्थात माझ्यामार्फत.

त्या हिशोबाने लाल सालभर सगळ्यांत वर राहिले. भिकाने शेडभर गूळ-दाणे वाटले.

काही दिवसांनी इंदूरचा एक सुताचा एजंट चहाला थांबला. फुटबॉलचा मोठा शौकीन. भिकाची छाती फुगलेली बघून म्हणाला, "काका, कोणते लाल? ते तर या साली इतके हरले की खालच्या वर्गात उतरले!"

मग भिका माझ्याकडे वळला. "नाना, साहेबांना सांगा, त्यांच्याकडे लाईट जात नसेल."

आणि उजवीकडून सुपडू म्हणाला, "नाना, हेही सांगा की बुऱ्हाणपूरचं गुणांचं टेबल वेगळं असतं!"

एजंट अर्धा चहा टाकून गेला. दोघे भाऊ एका बाजूने बोलले, असं मी वाटणीनंतर पहिल्यांदाच ऐकलं. त्या संध्याकाळी मला वाटलं, आता होईल. नाही झालं.

*

सुपडूने निळ्या कापडाचा खेळाडूंसारखा शर्ट शिवून घेतला. पाठीवर आकडाही लावला. गल्लीतून असा चालायचा जणू आत्ताच गोल करून आला आहे.

पण रंग कच्चा निघाला. दोन्ही जावांनी नळावर एकाच बादलीत कपडे भिजवले. दुसऱ्या दिवशी भिका हॉटेलात आला तो सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावून. जेठ महिना, भट्टीची धग, आणि हा घामाने निथळतोय पण बटण काढत नाही.

शकूरभाईने गमतीने सदरा ओढला. आत बनियन आभाळासारखं निळं!

भिका कडाडला, "नाना, त्याला सांगा, असल्या कच्च्या रंगाने पक्का माणूस बदलत नसतो!"

सुपडू म्हणाला, "नाना, त्याला सांगा, शोभतंय."

*

मी एकदा लेकीकडे तुकईथडला गेलो. केळीची लावणी होती, जावयाला माणसं कमी पडत होती. मला लावणीपेक्षा बाकड्याचीच काळजी. दोन भावांच्या मधे आता कोण बसलं असेल? मारामारी तर झाली नसेल?

परत आल्यावर आधी शकूरभाईला गाठलं. "काय रे, मॅच झाल्या का?"

"हुई ना."

"आणि हे दोघे?"

"बैठे ना. बीच में आपकी जगह खाली छोड के."

"मग निरोप कोणी दिले?"

शकूरभाई म्हणाला, "आपने! भिकादादा खाली जगह को बोलते, नाना, उसको बोलो. सुपडूभाऊ भी खाली जगह को बोलते, नाना, उसको भी बोलो. सच बताऊँ? आप नहीं थे तो काम जल्दी हुआ!"

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी जाताना तेच मनात घोळत राहिलं. मी दोघांपेक्षा वयाने मोठा. एक दिवस ती जागा खरीच रिकामी होणार. तेव्हाही हे दोघे त्या रिकाम्या जागेलाच निरोप देत बसणार का?

*

आणि मग ती फायनल.

विलायतेच्या कपाची फायनल, त्यात लाल आणि निळे समोरासमोर. निळ्यांनी तो कप कधी जिंकला नव्हता. सुपडू सकाळपासून जेवला नव्हता. शेडमधली अर्धी दिवसपाळी हॉटेलात कोंबलेली, शेजारी दुसऱ्या पाळीचे लूम धडधडत होते, आणि खेळ सुरू होताच टीव्हीत मुंग्या!

वारा सुटला होता. पत्र्यावरचा केबलचा जोड सैल झाला होता. शिडी लावून एक जण वर गेला. जोड हाताने दाबून धरला की चित्र यायचं, सोडला की मुंग्या. पण त्याचा हात हलायचा. भिका उठला. "उतर खाली. लालांची फायनल आहे, दुसऱ्याच्या हाताचा भरवसा नाही." आणि या वयात स्वतः वर चढला!

चित्र काचेसारखं स्वच्छ आलं. फक्त भिकाला ते दिसत नव्हतं. ओरडून सांगावं तर लूमच्या आवाजात काय ऐकू जाणार?

थोडा वेळ गेला. सुपडू बाकड्यावर चुळबुळत होता. मग कोणी न सांगता उठला, अंगणात ट्यूबलाईटखाली गेला आणि वर बघून हात हलवले. शेडमध्ये सुताचा रंग सांगायलाही खुणा आहेत. कपाळाला बोट लावलं की लाल, आभाळाकडे दाखवलं की निळा. सुपडूने कपाळाला बोट लावलं, आभाळाकडे दाखवलं आणि दोन्ही तळवे सारखे धरले. बरोबरीत आहेत.

वाटणीनंतर भावाला दिलेला हा पहिला निरोप. माझ्याशिवाय.

मग तो दारातच उभा राहिला. थोडं आत बघायचं, थोडं बाहेर सांगायचं. खेळ संपत आला आणि निळ्यांनी गोल टाकला. लगेच शिट्टी झाली. निळे जिंकले! सगळे सुपडूकडे बघायला लागले, आता हा नाचणार. सुपडू नाचला नाही. अंगणात गेला. वर बघितलं. आणि कपाळाला बोट लावून मूठ उंच केली.

लाल जिंकले!

शकूरभाईने तोंड उघडलं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने ते मिटलं.

वर भिका नाचायला लागला. पत्रा वाजतोय की लूम, कळेना! जोड हातातून सुटला, टीव्हीत पुन्हा मुंग्या आल्या, आणि कप कोणी उचलला ते आमच्या हॉटेलात कोणालाच दिसलं नाही. भिका खाली उतरला, काही न बोलता चौकात गेला आणि मावा जिलेबीचा मोठा पुडा घेऊन आला. सगळ्यांनी हात पुढे केले. तो सगळ्यांना ओलांडून सुपडूसमोर उभा राहिला.

"तोंड उघड."

सुपडू म्हणाला, "दादा, टीम तुझी जिंकली. पहिली मला कशाला?"

"तोंड उघड म्हटलं ना!"

त्या दिवशी मी बाकड्याच्या टोकाला जाऊन बसलो. मधली जागा त्यांनी कशी भरली ते मी बघितलं नाही. माझा चष्मा ओला झाला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी शकूरभाई म्हणाला, "नाना, वायर पक्की बाँध दो, कोई फिर चढेगा तो गिरेगा." मी सुतळी घेऊन सावकाश पत्र्यावर चढलो. भिका जिथे उभा होता तिथेच उभा राहिलो, जोड बांधला आणि मान वर केली.

समोर बँकेतल्या साहेबांची माडी. गॅलरीचं दार सताड उघडं, आत भिंतीइतका रंगीत टीव्ही. साहेब कालचीच फायनल पुन्हा बघत होते. निळे खेळाडू कप डोक्यावर घेऊन धावत होते.

मी तिसरी शिकलेला माणूस, आणि चष्मा खाली बाकड्यावर राहिलेला. तरी त्यांच्या शर्टांवरचे आकडेसुद्धा मला वाचता येत होते.