पिवळा दिवा आणि अण्णांचा कान

तो पिवळा दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा आम्ही नेकनूर मागं टाकलं होतं आणि अण्णा शेजारच्या सीटवर डोळे मिटून बसले होते. दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. मंगळवारी आणि शुक्रवारी मी त्यांना, माझ्या वडिलांना, केजहून बीडला डायलिसिसला नेतो. मी शिकवतो त्या शाळेचे हेडमास्तर तोंडानं काही म्हणत नाहीत, माझ्या रजेच्या अर्जाकडं मात्र फार वेळ बघतात.

स्पीडच्या काट्याखाली इंजिनाचं एक छोटं चित्र पिवळं होऊन बसलं होतं. गाडी चौदा वर्षांची, मी घेतली तेव्हाच दुसऱ्या हाताची. चालत होती नेहमीसारखीच. पण दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत मी रस्त्यापेक्षा त्या दिव्याकडंच जास्त बघितलं.

स्वभावच तसा आहे माझा. शाळेची सहल निघाली की पोरं खिडक्या पकडतात आणि मी खाली वाकून बसचे टायर बघतो. बायको म्हणते, तुम्हाला घरची काळजी कमी पडली तर शेजाऱ्याची उसनी आणाल. म्हणू दे. ह्या वेळी काळजीला कारण होतं. मागं एकदा एका लग्नापायी अण्णांनी डायलिसिसची एक पाळी चुकवली होती. त्यानंतर त्यांना आडवं होता येईना. पाठीशी उशा रचल्या तरी श्वास पुरेना, आणि ते माझ्याकडं असं बघत होते की मी नजर दुसरीकडं वळवली. त्याच्याही आधी, त्यांच्या पायांवर सूज दिसायला लागली तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून उन्हाला दोष दिला. अण्णा तर म्हणाले होते, "तीस वर्षं पाय क्लचवर हाय. सुजंल न्हाई तर काय हुईल?" आम्ही हसलो होतो. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, मी साधं पाणीही फुंकून प्यायला लागलो होतो.

अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. आता डायलिसिसवरून उठले की त्यांचं बीपी उतरतं, गरगरतं, मागं रेलून बसावं लागतं. त्यामुळं एसटी नको आणि मांडीला मांडी लावून बसवणारी जीप तर नकोच. गाडी आहे म्हणून सगळं चाललं होतं. ती रस्त्यात बंद पडली तर काय, हा एकच विचार मी केज ते बीड आणि बीड ते केज करत राहायचो.

अण्णांना दिव्याचं काहीच वाटत नव्हतं. "दिव्याकडं काय बघतो? इंजन ऐक. इंजन खोटं बोलत न्हाई."

"दिवा उगीच लागत नाही, अण्णा."

"आमच्या बसमधी निम्मे दिवे लागायचेच न्हाईत. तरी लातूर गाठायचो."

अण्णा मशीनवर असताना मी बीडमधल्या एका गॅरेजला गेलो. तिथल्या पोरसवदा मिस्त्रीनं स्कॅनर लावला, इंजिनातल्या कॅमशाफ्टचा सेन्सर बिघडलेला दाखवतोय म्हणाला आणि बटण दाबून बिघाडाचा कोड पुसून टाकला. दिवा गेला. त्याच दिवशी मांजरसुंब्याच्या फाट्यावर परत लागला. पुढच्या खेपेला त्यानं नवा सेन्सर बसवला. तीन खेपा दिवा गप्प होता. मला चांगली झोप लागायला लागली, तोच चौथ्या खेपेला तो पुन्हा हजर. केजमधल्या दुसऱ्यानं पेट्रोलवर संशय घेतला, म्हणून मी पंप बदलला. दिव्याला पंपाशी काही देणंघेणं नव्हतं.

शेवटी मी त्याच्यावर काळी चिकटपट्टी लावली. उपाय म्हणून नव्हे, मला तो बघवत नव्हता म्हणून. नेकनूरला अण्णांची नजर तिच्यावर गेली. त्यांनी वाकून, सुईच्या खुणांनी भरलेला डावा हात जपत, उजव्या हाताच्या नखानं ती पट्टी सोलून काढली.

"तुम्हीच म्हणाला होतात, बघू नको म्हणून."

"बघू नको म्हणलतो. झाक म्हणलं न्हवतं."

पुढचा शुक्रवार मला विसरता येणार नाही. उसाच्या ट्रॉल्यांचे दिवस सुरू झाले होते. एका ट्रॉलीच्या मागं आम्ही रांगत होतो आणि मांजरसुंबा जवळ आलं होतं. मी दुसऱ्या गिअरवर घेतलं तशी गाडी अडखळली. सावरली. पुन्हा अडखळली. अण्णांनी डोळे उघडले, मान जराशी तिरपी केली आणि म्हणाले, "आता आवाज बदलला. घाटात नेऊ नको."

इतके दिवस ते काही झालेलं नाही असं म्हणत होते, त्याचाच मला आधार होता, हे मला तेव्हा कळलं. मी एवढा घाबरलो की इंडिकेटर द्यायच्या ऐवजी वायपर सुरू केला.

फाट्यावर ढाब्यांच्या ओळीपलीकडं पत्र्याचं एक गॅरेज होतं. तिथले मिस्त्री म्हातारे, चष्म्याची काडी तारेनं बांधलेली. मी एका श्वासात सगळं सांगितलं: स्कॅनर, सेन्सर, पेट्रोल, अकरा वाजताची पाळी, उशीर झाला तर मशीन दुसऱ्याला देतात. त्यांनी आधी गाडीत डोकावून अण्णांना सलाम केला. मग बॉनेट उघडून म्हणाले, "सेन्सर बदलला, ठीक हाय. सॉकेटच्या आत कुणी बघितलं का?"

"माहीत नाही, चाचा."

"न्हाई बघितलं. बघितलं असतं तर तुमी हितं कशाला आले असते?"

सेन्सरला जोडलेलं वायरचं टोक त्यांनी ओढून काढलं, आत पिन फिरवली आणि चिंधीवर पुसली. आधी हिरवट गंज आला. मग लाल. त्यांनी ती चिंधी माझ्या हातात दिली. मी बोटानं चोळून बघितली.

"कुंकू हाय सर," ते आवाज उतरवून म्हणाले. "नारळाचं पाणी आत गेलंय, संगं हे पण. पूजेत नारळ कुठं फोडलता?"

खंडेनवमीला. मला सगळं दिसायला लागलं. डेपोत खंडेनवमीला ड्रायव्हर आणि मेकॅनिक मिळून गाड्या धुवायचे, बॉनेट उघडून इंजिनाला हळद-कुंकू लावायचे, झेंडूच्या माळा घालायचे. रिटायर झाल्यावर अण्णांनी तीच रीत आमच्या गाडीला लावली. एरवी नारळ ते चाकापाशी दगडावर फोडायचे. ह्या वर्षी त्यांना खाली बसता येत नव्हतं. डाव्या हातावर जोर द्यायचा नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. म्हणून त्यांनी उभ्या उभ्या, एका हातानं, इंजिनासमोरच्या लोखंडी पट्टीवर नारळ आपटला. तिसऱ्या फटक्याला फुटला आणि सगळं पाणी इंजिनावर गेलं. "जाऊ दे, त्याच्याच तोंडात पडलं," असं म्हणून ते खूश झाले होते. आणि एवढा वेळ बॉनेट हातानं वर धरून कोण उभं होतं? मी. बसचे टायर तपासणारा मी.

"अण्णांना सांगू नका, चाचा," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. पिना घासल्या, पेट्रोलनं धुतल्या, सुकवल्या. "पूजा करा सर, आमची ना न्हाई. पण बॉनेट बंद ठिवून. घाटात बंद पडली असती." दिवा पुसायला त्यांच्याकडं स्कॅनर नव्हता. त्यांनी बॅटरीची वायर थोडा वेळ काढून ठेवली आणि परत लावली. मी किल्ली फिरवली. पिवळा दिवा इतर दिव्यांबरोबर लागला आणि इंजिन सुरू होताच विझला.

घाट लागला तेव्हा अण्णांनी विचारलं, "काय निघालं?"

"उंदरानं वायर कुरतडली होती."

ते डोळे मिटून मागं रेलले. मला वाटलं, पटलं. खाली सपाटीला लागल्यावर म्हणाले, "उंदीर कुंकू लावून हिंडतो व्हय?"

मी स्टिअरिंगवरच्या माझ्या हाताकडं बघितलं. बोट लाल होतं.

"तीस वर्षं तेच केलं," ते म्हणाले. "एसटीला कधी काही झालं न्हाई."

"एसटीला सेन्सर नव्हते, अण्णा." माझा आवाज जरा चढला. तो त्यांच्यावर नव्हता, पण त्यांना तसं वाटलं असेल.

दवाखान्यात दहा मिनिटं उशिरा पोचलो. सिस्टरनं मशीन राखून ठेवलं होतं. मी अण्णांना दंडाला धरून पायऱ्या चढवत होतो, तेव्हा ते मधल्या पायरीवर दम घ्यायला थांबले. म्हणाले, "पुढच्या खंडेनवमीला पूजा तू करायची."

"तुम्हीच करायची. मी बॉनेट उघडतच नाही."

"तू करायची," ते पुन्हा म्हणाले. "चाकाला लाव. नारळ बाजूला फोड, गाडीपासनं लांब. माझ्यावानी करू नको." एखाद्या नव्या ड्रायव्हरला वळण समजावून सांगावं तसं ते एकेक सांगत होते. मी हो म्हणालो. नाही म्हणून त्यांचा श्वास खर्ची घालायचा नव्हता.

ते आत गेल्यावर मी गाडी सावलीला लावायला आलो. किल्ली फिरवली. सगळे दिवे लागले, सगळे विझले. दीड महिना मी ज्याच्यासाठी जीव टांगून घेतला होता त्या दिव्याची जागा आता काळी होती, आणि अण्णांचं ‘तू करायची’ आठवून आता जेवढी भीती वाटली तेवढी तो दिवा लागलेला असताना कधीच वाटली नव्हती. इंजिन तसंच चालू ठेवून, अण्णा ऐकतात तशी मान तिरपी करून, मी बराच वेळ ऐकत बसलो. मला त्यातलं काही कळत नाही.