पिंपळीच्या मळ्याबाहेर

अंजनगाव सुर्जीकडच्या आमच्या गावात कापूस-सोयाबीन सगळेच पेरतात, पानपिंपळी मात्र मोजक्यांचीच. झाडांवर चढवलेले वेल, दाट सावली, पायाखाली कायमची ओल. फळं हिरवी असतानाच तोडून उन्हात काळी पडेपर्यंत वाळवायची. मग औषधांच्या मालाचे व्यापारी घरी चालत येतात. कापूसवाला बाजारात भावासाठी ताटकळतो, पिंपळीवाला ओसरीत चहा पाजून भाव ठरवतो.

माझी माय अशाच एका मळ्यात तोडणीला जाते. मळेवाल्याची मुलगी माझ्याच वयाची. शिक्षण संपवून ती बापाचा मळा पाहते, म्हणजे दिवसभर माझ्या मायजवळ असते. मी अमरावतीला शिकायला होते तेव्हा फोनवर माय तिचंच सांगायची. तिनं सुकलेला वेल कसा जगवला, डब्यात मायसाठी काय आणलं. माझ्या बाबांनी मला चळवळीची पत्रकं वाचून दाखवत वाढवलं. मी स्वतः पत्रकं लिहू लागले, त्यांतलं एकही मायनं कधी मागितलं नाही. मला त्या मुलीचा मत्सर वाटायचा, आणि मी त्याला वर्गसंघर्ष म्हणायचे.

गेल्या हिवाळ्यात तोडणीच्या बायांचा रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, वाढावा म्हणून मी विहारात सभा ठेवली. मळेवाल्यांनाही बोलावलं. बाया यायला तयार होत्या, पण पहिलं तोंड कोण उघडणार? सगळ्या म्हणाल्या, तुझी माय बोलली तर आम्ही बोलू. माय म्हणाली, "पाहू."

सभेच्या दिवशी दुपारी मी तिला न्यायला मळ्यावर गेले. बाहेर चपलांची रांग होती. पिंपळीत पायताण घालून कोणी जात नाही, मालकसुद्धा नाही. वेल बाटतो म्हणतात. मी ही प्रथा मानत नाही. बूट न काढता मी बांधावर उभी राहिले. मायच्या झिजलेल्या चपलेला खेटून त्या मुलीची नवी सँडल होती. आतून दोघींचं हसणं ऐकू येत होतं. माझ्याशी माय असं हसत नाही.

"माय, चाल न, सभेची वेळ झाली!"

"काहून व, बाहीरच उभी? बूट काढ न ये अंदर."

"मी नाई काढत."

"मंग राय तथंच."

"मावशी, तुमची पोरगी लयच कडक हाय," ती मुलगी म्हणाली.

"बापावर गेली. इतकी टोपली भरल्याबिगर मी नाई येत, सांग तिले."

सांग तिले! माझ्या मायचा निरोप मला तिच्याकडून! मी तशीच परत फिरले.

विहारात बाया जमल्या, मळेवाले समोर बसले. मी पत्रक वाचलं. बाया दाराकडे पाहत होत्या, मीही. माय आली ती त्या मुलीच्या स्कूटीवर, तिच्या खांद्यावर हात ठेवून. तशीच तिला शेजारी घेऊन सतरंजीवर बसली, आणि मग त्या मुलीच्याच बापाकडे पाहत उभी राहिली.

"भाऊ, तुमची पोरगी मले पोटच्या पोरीवानी हाय. पण रोज वाढला नाई तं उद्यापासून माया पाय मळ्यात पडनार नाई."

मागून दुसरी बाई उठली, मग तिसरी. मळेवाले एकमेकांत कुजबुजले. शेवटी त्या मुलीच्या बापानं मान हलवली. "देऊ. तोडणी थांबवू नका."

बायांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या कानात मात्र पोटच्या पोरीवानी तेवढंच घुमत होतं.

बाहेर ती मुलगी स्कूटी सुरू करून थांबली होती. "बसा मावशी, सोडते घरी."

मी घाईनं पुढे झाले. "माय, मी हाय न. संगं जाऊ."

माय दिवसभराची थकलेली, आधीच मागे बसली होती. माझ्या पायांकडे पाहून म्हणाली, "तू ये पायी. तुये बूट मजबूत हायत."