मधे थांबणारं विमान

विमानाचं तिकीट काढायला आलेला माणूस आधी भाडं विचारतो, मग सलग जाणारं विमान आहे का ते विचारतो. यष्टीअण्णा काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून विचारायचे, "ताई, मधी कुठं कुठं उतरतंय?" सलग विमान त्यांना चालत नसे. जर्मनीला जायचं तर आधी आखातात उतरायचं, मग आणखी कुठंतरी, आणि मग मुक्कामाला. जितके थांबे जास्त तितके अण्णा खूश. 'यष्टी' हे नाव त्यांना त्यावरूनच पडलं, गावोगाव थांबणाऱ्या एस.टी.सारखं. त्यांचं खरं नाव मी शंभरदा तिकिटावर घातलं असेल, पण आज आठवायला वेळ लागतो.

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत मी नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं आणि त्यापुढची बरीच काढली. लोकांना देशोदेशी पाठवता पाठवता माझे पाय सुजले, पण स्वतः मी कधी विमानाची पायरी चढले नाही. त्याचं आता काही वाटतही नाही. काउंटरसमोर एक लाकडी बाक होता. तेव्हा तिकीट कागदाचं असे, व्हिसाची पाकिटं मुंबईहून येत, त्यामुळे सारखी उडणारी मंडळी त्या बाकावर बसून वाट बघत आणि बसल्या बसल्या तोंडानं पुन्हा जग फिरून येत. कायमचे तिघे. कोल्हापुरी चपला परदेशी पाठवणारे बापू, कापडाच्या कामासाठी ढाक्याला ये-जा करणारे कबनूरचे शेठ, आणि यष्टीअण्णा.

"एकदा सिंगापूरवरनं जावा," बापू सांगत. "विमानतळ न्हवं, जत्रा हाय. नुसतं फिरलं तरी तिकिटाचं पैसं फिटत्यात."

"आमच्या ढाक्याला काय हाय? पट्टा लावला की उतरायची येळ," शेठ म्हणत. "पर हद्द वलांडताना त्यो सायेब कागद उलटसुलट करून बघाय लागला की जीव घशात येतोय. समदी कागदं खरी असून."

मग बापू अण्णांकडे वळत. "तुमी लाल डब्यानंच जावा की जर्मनीला. हात केला की थांबतोय."

अण्णा हसायचे. "थांबाय पायजे बापू," एवढंच म्हणायचे आणि डोळे मिटून भिंतीला डोकं टेकायचे.

थकलेलाच माणूस तो. शिरोलीच्या एका फौंड्रीत नोकरीला होते. माल परदेशी जायचा, आणि तिथं एखादा भाग नापास झाला की मालक अण्णांना विमानात बसवत. नापास मालाच्या ढिगाशेजारी उभं राहायचं, गोऱ्या साहेबाचं ऐकून घ्यायचं, पुढच्या खेपेला असं होणार नाही म्हणायचं आणि परत यायचं, हे त्यांचं काम. "शिव्या खायाला एवढं लांब जातोय," ते म्हणत. "निम्म्या तर कळतबी न्हाईत, तेवढंच बरं." पहिल्या खेपेला गल्लीतल्या तालमीच्या पोरांनी त्यांना फेटा बांधला होता, चौकात शुभेच्छांचा फलक लावला होता. पुढे पुढे ते बॅग घेऊन निघाले तरी कट्ट्यावरचं कोणी मान वर करीत नसे. लग्न राहिलं ते राहिलंच. घरात ते आणि त्यांची म्हातारी आई, दोघंच. मूळचे कानडी सीमेजवळच्या नेसरीकडचे, त्यामुळे आईला तिकडच्यासारखं अव्वा म्हणायचे.

थांब्यांचं कोडं मला एका हिवाळ्यात उलगडलं. दुपारी ऑफिसचा फोन वाजला. लाइनीवर खरखर, आणि पलीकडे अण्णा. "ताई, धुक्यात अडकलोतो, आता उतरलो. घरचा फोन मेलाय. तेवढं रिक्षा करून जावा नि अव्वाला सांगा, पोचलो, झाडा आता." काय झाडायचं ते विचारायच्या आत फोन तुटला.

मंगळवार पेठेत त्यांचं दोन खोल्यांचं घर. म्हातारी उंबऱ्याशी बसली होती, ओठ कोरडे पडलेले. आत जमिनीवर कालचा केर तसाच होता, शेंगांची टरफलं, देवाची सुकलेली फुलं, दारातून आलेली माती. मी निरोप सांगितला.

"त्यो म्हणला? त्येच्या तोंडानं?"

"हो आजी."

"काय म्हणला त्ये सांग."

"पोचलो, झाडा आता."

तिनं डोळे मिटले. मग दारामागची केरसुणी काढून माझ्यापुढं धरली. "मग तूच झाड बाई. निरोप तुज्याकडं आलाय."

मी पदर खोचला आणि दोन्ही खोल्या झाडल्या. आमच्या ऑफिसात मी कधी झाडू हातात घेतला नव्हता, पण तिथं नाही म्हणायचं सुचलंच नाही. केर भरला तसं तिनं ताट घेतलं आणि भाकरी मोडली. आदल्या दिवसापासून पोटात काही नव्हतं. त्यात तिला साखरेचं दुखणं होतं.

माणूस घराबाहेर पडला की लगेच केर काढू नये, हे आपल्याकडे घरोघर पाळतात. गाडी वळणाआड गेली की आपण विसरतो आणि केरसुणी उचलतो. अव्वा विसरत नसे. माणूस पोचल्याचं कळेपर्यंत केर काढायचा नाही, आणि केर पडलेल्या घरात जेवायचं नाही, अशी तिची रीत होती.

"ह्येचा बा बेळगावच्या बाजाराला बैलं आणाय गेलता," जेवता जेवता ती म्हणाली. "त्यो भाईर पडला नि मी केर काढला. सासू म्हणली, अगं पोचूदे तरी त्येला. त्यो काय पोचला न्हाई. वाटंतच गेला." घोटभर पाणी प्याली. "ती तर एकच शीव हुती. ह्यो किती शिवा वलांडतोय, कुणाला ठावं."

अण्णा परत आल्यावर मी विचारलं तर ते आधी संकोचले. "लई समजावलं तिला. एकदा शेजारणीकडनं झाडून घेतलं, तर महिनाभर माझ्यासंगं बोलली न्हाई. तिचं आपलं एकच, उतरला म्हंजे पोचला. मग म्हटलं, आपुनच उतरत उतरत जावं. दर ठिकाणास्नं फोन करतोय, ती झाडती नि दोन घास खाती. मी परत उडलो की परत उपाशी बसती." मग म्हणाले, "मी वर असताना ती गेली तर उपाशी जाईल, ताई. तेवढ्याचंच भ्या वाटतंय बघा."

त्यानंतर मी त्यांच्यासाठी थांब्याची विमानं शोधायला लागले. फौंड्रीचा मालक कुरकुर करायचा, सलग विमान असताना माणूस वाटेत लोळत का येतो म्हणून. त्याला मी सांगे की सलगमधे जागा नव्हती. बापूंना मी सगळं सांगून टाकलं होतं. त्यांनी थट्टा सोडली नाही, सोडली असती तर अण्णांनाच चुकल्याचुकल्यासारखं झालं असतं. पण कुठल्या विमानतळावर फोन उतरल्या उतरल्या समोर असतो आणि कुठं शोधत हिंडावं लागतं, हे बापूच आता आठवणीनं सांगू लागले. शेठ त्यात भर घालत. बाकावरच्या गप्पा तशाच चालू होत्या, फक्त विमानातल्या जेवणाच्या आणि खुर्च्यांच्या चौकशा मागे पडल्या.

अण्णांनी एकदा मालकाकडे दुसरं काम मागितलं, इथलंच, गोडाऊनचं का असेना. मालक म्हणाला, तिकडं तुमच्यासारखं गप उभं कोण राहील? अण्णांनी पुन्हा विषय काढला नाही. दर खेपेनंतर ते आणखी उतरलेले दिसत. वाटेतल्या त्या थांब्यांनी ते पार भरडून निघत होते, कारण इतर लोक झोपायचे तेव्हा हे फोनच्या रांगेत उभे असायचे. तरी काउंटरवर कोपरं टेकून तोच प्रश्न.

अव्वा गेली तेव्हा अण्णा घरात होते. उन्हाळा होता, दौरा नव्हता. त्यांनी आपल्या हातानं तिला वरणभात भरवला, ती भिंतीकडे तोंड करून पडली आणि उठली नाही. बापू, शेठ आणि मी भेटायला गेलो. घर धुऊन काढलं होतं. लोक म्हणत होते, भाग्याची बाई, मुलगा जवळ होता. अण्णा एवढंच म्हणाले, "जेवून गेली." मला खरंच हायसं वाटलं, आणि त्या वाटण्याचीच लाज वाटून मी खाली बघत बसले.

पावसाळा सरता सरता फौंड्रीच्या मालकानं पुन्हा माल नापास झाल्याचं कळवलं. अण्णा येणार म्हणून मी नेहमीचा मार्ग काढून ठेवला होता, दोन थांबे, दोन्हीकडे फोन जवळ. ते आले, पण कोपरं टेकली नाहीत. उभेच राहिले.

"ताई, सलग जाणारं काढा."

"सलग?"

"मधी उतरून काय करू आता?"

बाकावर बापू पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही. मी सलग तिकीट काढून दिलं. अण्णांनी ते न बघता खिशात घातलं, आणि जाताना दारातून सवयीनं म्हणाले, "येतो."

त्यानंतर दोन दिवसांनी भर दुपारी ऑफिसचा फोन वाजला. तीच खरखर. "ताई," अण्णा म्हणाले. मी थांबले. मग म्हणाले, "पोचलो."

एवढंच. पुढचं त्यांनी काही म्हटलं नाही.

"बरं झालं अण्णा," मी म्हणाले. "आता झाडून घेते."

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज आला. "झाडा," ते म्हणाले. "नि जेवून घ्या."

ऑफिस सकाळीच झाडून झालं होतं. तरी मी फोन ठेवला, पदर खोचला आणि कोपऱ्यातला झाडू घेऊन बाकापाशी आले. बापूंनी काही न विचारता पाय वर घेतले.